मैदान ‘अक्षुण्ण’ ठेवायचं की ‘अबाधित’?

पत्र असं आहे:

“ताई, नमस्कार. आमचं ले-आऊट मानेवाडा रोडच्या आतल्या अंगाला आहे. चाळीसेक घरं, मधोमध मैदान. नकाशात ते मोकळी जागा म्हणून दाखवलेलं आहे. पोरं तिथं क्रिकेट खेळतात, आम्ही म्हातारे सकाळी चकरा मारतो. वर्षभरापासून मात्र एकाने तिथं गिट्टी टाकली, दुसऱ्याने गाडीसाठी टिनाचं शेड उभं केलं, तिसऱ्याच्या घरच्या लग्नाचा मांडव पंधरा दिवस उतरलाच नाही. म्हणून कमिटीने ठराव घ्यायचं आणि फलक लावायचं ठरवलं. ठरावाचं पहिलंच वाक्य लिहायला बसलो अन् गाडी अडली. ‘मैदानाचे _____ राखले जाईल.’ या रिकाम्या जागी काय लिहावं? अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक आहेत, ते म्हणतात ‘पावित्र्य’. वकीलसाहेब म्हणतात, इंग्रजीत याला ‘इनव्हायोलेबिलिटी’ म्हणतात, तेव्हा ‘अनुल्लंघनीयता’. हिंदी पेपर वाचणारे एक सदस्य म्हणाले, ‘अक्षुण्णता’ लिहा, वजन येते. माझी सून म्हणते ‘अबाधित’. अडीच तास मीटिंग चालली, चहा दोनदा झाला, शब्द काही ठरला नाही. पेंटर अक्षरामागे पैसे घेतो, हेही सांगून ठेवतो. हे सगळे शब्द एकाच अर्थाचे आहेत काय? नसतील तर आम्ही कोणता लिहावा? – एक सचिव, नागपूर.”

सचिवभाऊ,

शब्दावरून अडीच तास भांडणारी कमिटी मी पहिल्यांदाच ऐकली. आमच्याकडची मीटिंग पाण्याच्या टाकीवर सुरू होते, पार्किंगवर येते आणि तिथंच मोडते. तुमच्या अध्यक्षांना माझा नमस्कार सांगा. त्यांचा शब्द मी खोडणार आहे, म्हणून आधी नमस्कार.

उत्तर पहिल्यांदा देऊन टाकते. सूनबाई बरोबर आहेत, पण फक्त ठरावापुरत्या. फलकावर त्यांचाही शब्द नको. आणि तुम्ही जी रिकामी जागा सोडली आहे ना, खरी गडबड तिथंच आहे. तिच्याकडे शेवटी येते.

‘पावित्र्य’ सोडलं तर हे सगळे शब्द नकारातून जन्मलेले. पुढे ‘अ’ किंवा ‘अन्’, आणि मागे काहीतरी वाईट घडल्याची खूण. मी बावीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली. तिथं एकदा एका कवितासंग्रहाच्या दुसऱ्या पानावर ‘सर्व हक्क बाधित’ असं छापून गेलं. ‘अ’ खाल्ला गेला होता आणि त्या प्रुफावर सही माझी होती. कवी महाशय भले होते. ते म्हणाले, “तसंही माझ्या हक्कांचं तेच झालंय.” त्या दिवसापासून मला एक सवय लागली. असा शब्द आला की अंगठ्याने त्याचा ‘अ’ झाकायचा आणि खाली काय उरतं ते बघायचं. उरलेलं वाईट काम तुमच्या वस्तूच्या बाबतीत खरोखर घडू शकतं काय, एवढंच विचारायचं. घडत असेल तर शब्द तुमचा. नसेल तर तो दुसऱ्या कोणाचा आहे, त्याला परत करावा.

वकीलसाहेबांच्या शब्दापासून सुरू करू. ‘अनुल्लंघनीयता’. यातला ‘अनु’ हा ‘अनुकरण’, ‘अनुवाद’मधला नव्हे. तो ‘अन्’ आहे आणि पुढच्या ‘उ’ला चिकटलाय. झाका तो ‘अन्’. उरतं ‘उल्लंघनीय’, म्हणजे ओलांडण्याजोगं. मुळात उडी आहे, लंघन आहे. मारुतीने समुद्र ओलांडला ते उल्लंघन. (मराठीत नुसतं लंघन म्हणजे उपास. ताप आला की आजी लंघन करायला लावायची. माझ्या एका मावशीने असाच शब्द पेपरात वाचून विचारलं होतं, “हे कोन्या उपासाचं आहे बाप्पा?” तुमच्या ले-आऊटमध्येही एखादी मावशी असेलच.) तर या शब्दाला एक रेघ लागते, उंबरठा लागतो, सीमा लागते. जिथं ओलांडायला काहीतरी आहे तिथं तो शोभतो. परदेशी वकिलातीचं उदाहरण घ्या. १९६१ च्या व्हिएन्ना करारानुसार वकिलातीच्या प्रमुखाची परवानगी असल्याशिवाय यजमान देशाचे पोलीससुद्धा आवारात पाऊल टाकू शकत नाहीत. तिथं फाटक आहे, पाऊल आहे, मनाई आहे. तिथं ‘अनुल्लंघनीय’ अगदी मापात बसतो. वकीलसाहेबांना सांगा, शब्द चुकला नाही, फक्त दिल्लीतल्या चाणक्यपुरीचा, वकिलातींच्या वस्तीचा शब्द मानेवाड्यात आला.

तुमच्या मैदानाला तर ओलांडणारेच हवेत. चारही बाजूंनी पोरं येतात, कोणी भिंतीवरून उडी मारून येतं. आणि आपल्याकडे ‘उल्लंघन’ नेहमी वाईटच असतं असंही नाही. दसऱ्याला सीमोल्लंघन करतात, गावाच्या शिवेबाहेर जाऊन सोनं लुटून आणतात; साध्या बोलीत त्याचंच शिलंगण झालं. आपल्या शहराला तर हे चांगलंच ठाऊक आहे. १९२३ साली इथं झेंडा सत्याग्रह झाला, तो तिरंगी झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्सकडे जायला इंग्रज सरकारने बंदी घातली म्हणून. रोज तुकड्या निघायच्या, रोज पकडल्या जायच्या. जमनालाल बजाजांना अटक झाली, मग वल्लभभाई पटेल येऊन उभे राहिले. सरकारच्या लेखी ती रेघ अनुल्लंघनीय होती. लोकांनी ती ओलांडली.

आता ‘अक्षुण्ण’. हा शब्द सदस्यांना वजनदार वाटला, आणि आहेच. ‘अ’ झाका. ‘क्षुण्ण’ म्हणजे कुटलेलं, तुडवलेलं, पायाखाली आलेलं. सगळ्यांनी चालून मळलेल्या वाटेला जुन्या पंडिती लेखनात ‘क्षुण्ण मार्ग’ म्हणत. म्हणजे ‘अक्षुण्ण मैदान’ म्हणजे कोणीही न तुडवलेलं मैदान! भाऊ, क्रिकेटचं मैदान पोरांनी तुडवलं नाही तर ते मैदान राहतं काय? दोन पावसाळ्यांत तिथं कमरेइतकी गाजरगवताची रोपं उभी राहतील, आणि मग त्यांच्यासाठी तुम्ही मला दुसरं पत्र लिहाल.

हा शब्द मराठी आहे की हिंदी, असं तुम्ही विचारलं नाही; पण मीटिंगमध्ये ते निघालं असणारच. मूळ संस्कृत, हक्क दोघींचा. वापर मात्र हिंदीने ठेवला. मंत्र्यांच्या शपथेत बघा. १९६३ मध्ये सोळाव्या घटनादुरुस्तीने त्यात देशाच्या सार्वभौमतेचं वाक्य आलं. हिंदीत ते आहे, ‘भारत की प्रभुता और अखंडता अक्षुण्ण रखूँगा’. मराठीत तेच ‘सार्वभौमता व एकात्मता उन्नत राखीन’ असं आहे. एक भाषा म्हणते तुडवू देणार नाही, दुसरी म्हणते उंच धरीन. संविधानाच्या उद्देशिकेतही हिंदीत ‘अखंडता’ आणि मराठीत ‘एकात्मता’. नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होतं, इथल्या पानठेल्यावर दोन्ही भाषा एकाच विड्यात बांधून मिळतात, त्यामुळे हिंदी पेपरातला शब्द आपल्या तोंडी बसणं काही नवल नाही. मला त्याचा रागही नाही. पण मराठीत ‘अक्षुण्ण’ लिहिणाऱ्यांपैकी निम्मे तो ‘अक्षुण’ लिहितात, उरलेल्यांतले काही ‘अक्षुण्य’. पेंटर कोणत्या गटातला निघेल सांगता येत नाही. एकदा पत्र्यावर चढला की वीस वर्षं तसाच राहील.

याच कुळातला एक शब्द तुमच्या मीटिंगमध्ये निघाला नाही, पण मला तो फार प्रिय आहे. ‘अक्षत’. माझं माहेर भंडारा जिल्ह्यातलं, चिन्नोर धानाच्या मुलखातलं. घरात लग्न असलं की आठ दिवस आधी आजी ओसरीत सूप घेऊन बसायची. मूठभर तांदूळ सुपात पसरायचा आणि करंगळीच्या नखाने एकेक कणी बाजूला सारायची. कणी म्हणजे तुटलेला दाणा. तो खिचडीत चालतो, पेजेत चालतो, नवरा-नवरीच्या डोक्यावर चालत नाही. टोक उडालेला दाणासुद्धा ती उजेडाकडे धरून बघायची. मग ते सबंध दाणे कुंकवात रंगवायचे. ‘क्षत’ म्हणजे जखम. जखम न झालेला तो अक्षत, त्याच्या अक्षता. गंमत अशी, की इतक्या निगुतीने निवडलेले ते दाणे मंगलाष्टक संपायच्या आत मांडवातल्या लोकांच्या चपलांखाली भरडले जायचे. आजीला त्याचं काहीच वाटायचं नाही. डोक्यावर पडताना अखंड होते, तिचं काम झालं.

मैदानाला हा शब्द लागत नाही. मैदानाला जखम होत नाही, खड्डे पडतात. शिवाय कोश उघडलात तर ‘अक्षत’च्या आसपास बायकांच्या कौमार्याबद्दलच्या शब्दांची रांग लागलेली दिसेल, ‘अनाघ्रात’ वगैरे. न हुंगलेलं फूल म्हणे! माणसाबद्दल लिहिताना हे शब्द मी प्रुफात दिसले की लाल रेघ मारत असे. कायद्याच्या मराठीतला ‘विनयभंग’ही मला टोचतो. आता भारतीय न्याय संहितेत त्याचं कलम ७४ आहे, आधी दंड संहितेत ३५४ होतं; आकडा बदलला, मराठी पेपरातला शब्द तोच राहिला. हात लागतो बाईच्या अंगाला, आणि मोडतो म्हणे तिचा विनय. असो, हे तुमच्या मैदानाबाहेर गेलं.

अध्यक्षांचा ‘पावित्र्य’ शब्द. यावर जरा थांबायला हवं, कारण तो सगळ्यांत गोड दिसतो. याच्या पुढे झाकायला ‘अ’ नाही, म्हणून उलट बाजूने जाऊ. पवित्र वस्तूचं वाईट काय होतं? ती बाटते. विटाळते. कशाने? कोणाच्या तरी शिवण्याने. म्हणजे पावित्र्य राखायचं तर कोणाला तरी दूर ठेवणं आलंच. या कुळातला सगळ्यांत दुखरा शब्द घ्या: ‘अस्पृश्य’. व्याकरणाने तो ‘अनुल्लंघनीय’चा सख्खा भाऊ. एक ओलांडू नये असा, दुसरा शिवू नये असा. घडण अगदी तीच. पण हा माणसांवर लावला गेला. महाडला १९२७ साली चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेण्यासाठी बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला तो याच शब्दामुळे, आणि आपल्या गावात १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर लाखो लोक जमले त्यामागेही हाच शब्द होता. संविधानाने सतराव्या अनुच्छेदात ती प्रथाच नष्ट केली.

म्हणून सार्वजनिक जागेच्या फलकावर ‘पावित्र्य’ दिसलं की मी लगेच आजूबाजूला बघते, इथं कोणाला यायला मनाई आहे? अध्यक्षांच्या मनात तसलं काही नसणार, त्यांना ‘घाण करू नका’ एवढंच म्हणायचं असेल. पण फलक वाचणाऱ्याला अध्यक्षांचं मन दिसत नाही. मागच्या वस्तीतली पोरं संध्याकाळी खेळायला येत असतील, तर त्यांना कोणीतरी एक दिवस बोट दाखवून तो फलक वाचायला लावेल. मंदिराला, विहाराला, दर्ग्याला ‘पावित्र्य’ राहू द्या. मैदानाला धूळ पाहिजे.

‘अखंड’ आणि ‘अभंग’ हे दोघं पटकन उरकते. ‘अखंड’ हा बहुतेक वेळा काळाचा शब्द. नवरात्रात कोराडीला अखंड ज्योती लागतात, त्या अखंड राहतात त्या कोणीतरी रात्रभर जागून तेल घालतं म्हणून. हात लागू नये हा त्याचा अर्थच नाही, उलट हात लागतच राहिला पाहिजे. तुमच्या मांडवाबद्दल मात्र तो चालेल, पंधरा दिवस अखंड उभा होता. आणि ‘अभंग’ शब्दशः म्हणजे न भंगलेला, पण मराठी माणसाच्या कानात त्याबरोबर टाळ वाजतात. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या तरी त्या तरल्या, ही कथा त्या शब्दाला कायमची चिकटलेली आहे. ‘मैदानाचे अभंगत्व’ असं लिहिलंत तर कमिटी ठराव वाचायच्या ऐवजी खंजिरी काढेल.

आता सूनबाईंचा ‘अबाधित’. झाका ‘अ’. ‘बाधित’. हा शब्द काय असतो ते आपल्याला २०२० साली कोणी शिकवायची गरज उरली नाही. रोज सकाळी पेपरात पहिल्या पानावर बाधितांचा आकडा असायचा. त्याआधीही विदर्भाला तो माहीत होता. गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली ज्यांची गावं गेली ते प्रकल्पबाधित, वैनगंगेला पूर आला की काठची गावं पूरबाधित. आजीच्या बोलीत तिन्हीसांजेला बाहेर गेलेल्या पोराला ‘बाधा’ व्हायची. सगळीकडे एकच गोष्ट आहे. वस्तू जागेवर आहे, माणूस जागेवर आहे, पण बाहेरून काहीतरी आलं आणि त्याच्या चालण्यात, राहण्यात, भोगण्यात अडथळा झाला. तुमच्या मैदानावर नेमकं हेच झालं ना? मैदान कोणी पळवून नेलं नाही. गिट्टी आली, शेड आलं, मांडव आला आणि खेळायला जागा उरली नाही. शब्द सापडला.

पण इथं एक सावधगिरी, आणि ही कोशात सापडत नाही, कानाने शिकावी लागते. ‘अबाधित’ला स्वतःचे ठरलेले सोबती आहेत. हक्क अबाधित, अधिकार अबाधित, वहिवाट अबाधित, स्वातंत्र्य अबाधित, परंपरा अबाधित. जे हाताला लागत नाही, ते अबाधित राहतं. टेबल अबाधित राहत नाही, घर अबाधित राहत नाही, मैदानही नाही. मैदानाचा ‘वापर’ अबाधित राहतो, मैदानावर खेळण्याचा ‘हक्क’ अबाधित राहतो. क्रियापदंही दोन-तीनच, राहणे, ठेवणे, राखणे. ‘अबाधित करणे’ असं कोणी म्हणत नाही, कारण आधीपासून असलेलंच टिकवायचं असतं. कायद्याच्या मराठीत याचाच जोडीदार आहे, ‘हक्कास बाध न येता’. वकीलसाहेब ते वाक्य रोज लिहीत असतील, त्यांना मूळ शब्दही तिथंच सापडला असता.

तुमच्या सुनेने ‘अबाधित’ म्हटलं आणि ‘अबाधितता’ म्हटलं नाही, याचे तिला वेगळे गुण. कारण आता त्या रिकाम्या जागेकडे येते. ‘मैदानाचे _____ राखले जाईल.’ ही जागा इंग्रजीने सोडलेली आहे. इंग्रजीत एक नाम असतं, ते वाक्यात ठेवलं की काम झालं. आपण तिथं ‘ता’ किंवा ‘त्व’ लावून काहीतरी कोंबायला जातो आणि सरकारी परिपत्रक तयार होतं. मराठीची रीत उलटी आहे. मोडण्याला आपल्याकडे नामं ढिगाने: वचनभंग, करारभंग, शांतताभंग, आज्ञाभंग, कायदेभंग. डिसेंबरात विधानभवनात हिवाळी अधिवेशन भरलं की हक्कभंगाचा प्रस्ताव हमखास कानावर येतो. संविधानाच्या १९४ व्या अनुच्छेदाने विधिमंडळाला दिलेल्या विशेषाधिकारांना कोणी धक्का लावला की तो येतो. पण न मोडण्याला? ‘हक्क-अभंगता’ असं कोणी म्हणताना ऐकलंय? ते काम मराठी क्रियापदाने करते. धक्का लागू देणार नाही. नख लागू देणार नाही. हात लावू नये. शिवाजी महाराजांनी १६७६ साली प्रभावळीच्या सुभेदाराला, रामाजी अनंतांना, पत्र लिहिलं. त्यात रयतेच्या मालमत्तेच्या रक्षणासाठी कुठलंही भाववाचक नाम नाही. भाजीच्या देठालासुद्धा मन दाखवू नकोस, अशा अर्थाचं बजावणं आहे. हातही नाही, मन! तीनशे-साडेतीनशे वर्षांनी अजून लोकांच्या तोंडी आहे, कारण देठ डोळ्यांसमोर दिसतो.

आणखी एक बारीक गोष्ट, ती वकीलसाहेबांसाठी. आपली व्याकरणाची शेपटी फार बोलते. ‘अभंग’, ‘अक्षत’ सांगतात की अजून मोडलेलं नाही. ‘अभेद्य’ सांगतो की मोडणं शक्य नाही. किल्ला अभेद्य असतो, निदान पडेपर्यंत. ‘अनुल्लंघनीय’, ‘अवध्य’ सांगतात की मोडता कामा नये. इंग्रजी शब्दात हे तिन्ही एका पोत्यात भरलेले असतात, म्हणून तुमचा गोंधळ झाला. शेवटच्या जातीचे शब्द दिसतात भारदस्त, पण ते फक्त ‘नये’ म्हणतात, पुढची हमी देत नाहीत. सुंदरकांडात बिभीषण रावणाला सांगतो, दूत अवध्य असतो, मारू नका. रावण ऐकतो. मारत नाही, शेपटी पेटवतो. शब्दाचा मान राहिला आणि शेपटीही पेटली. पुढे लंकेचं काय झालं ते वेगळं. ठरावात फक्त ‘मैदान अनुल्लंघनीय आहे’ असं लिहिलंत, तर शेडवाले सदस्य म्हणतील, मी कुठं उल्लंघन केलं, मी तर फक्त टिन टाकलं.

म्हणून ठरावात काय करता येणार नाही ते नावानिशी लिहा. माझ्या मते तो असा असावा:

‘ले-आऊटच्या मंजूर नकाशात मोकळी जागा म्हणून दाखवलेल्या मैदानाचा खेळण्यासाठी व फिरण्यासाठी वापर करण्याचा सर्व रहिवाशांचा हक्क अबाधित राहील. या हक्कास बाध येईल असे बांधकाम, शेड, सामानाचा साठा किंवा वाहने मैदानावर ठेवता येणार नाहीत.’

‘सर्व रहिवाशांचा’ याऐवजी ‘सर्वांचा’ लिहायची हिंमत असेल तर तसं लिहा. ते कमिटीवर सोडते.

आणि फलकावर:

‘हे मैदान खेळायला आणि फिरायला आहे. इथे गिट्टी, रेती टाकू नये. गाडी लावू नये. शेड घालू नये. मांडव घालण्याआधी कमिटीची लेखी परवानगी घ्यावी. कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी मांडव उतरवावा.’

यात समानार्थी शब्द एकही नाही. पेंटरचा हिशेब मी करून पाहिला. ‘अनुल्लंघनीयता’ची सात अक्षरं होतात, ‘अक्षुण्णता’ची चार, ‘पावित्र्य’ची तीन. माझा मजकूर यापेक्षा बराच लांब आहे, पैसे जास्त लागतील, वर्गणी काढा. फलक लावण्याआधी ती जागा कागदोपत्री कोणाच्या ताब्यात आहे, सुधार प्रन्यासच्या की महापालिकेच्या, हे विचारून घ्या. परवानगी लागली तर अर्जातही वरचंच वाक्य चालेल. याहून जास्त मला त्यातलं कळत नाही, वकीलसाहेब आहेतच.

बोलताना मात्र मला विचाराल तर एक साधा शब्द आहे, तो कोणाच्याच डोक्यात आला नाही. ‘शाबूत’. अरबी-फारसीकडून आला आणि इथलाच होऊन गेला. फटाका उडवून पोरगं घरी आलं की आई आधी विचारते, बोटं शाबूत आहेत ना? म्हातारा नव्वदीचा झाला तरी डोकं शाबूत असतं. ‘अबाधित’ ज्या वस्तूंना लागत नाही, त्यांना हा लागतो. ठरावाच्या कागदावर तो जरा घरगुती वाटेल. पण गिट्टीवाल्या शेजाऱ्याच्या दारात उभं राहून ‘भाऊ, पोरांचं मैदान शाबूत राहू द्या ना’ म्हणून बघा. ‘आपण मैदानाची अक्षुण्णता बाधित करत आहात’ म्हणालात तर तो चहासुद्धा विचारणार नाही.

ठराव वाचून दाखवायला असा दिवस निवडा की ते गिट्टीवाले मीटिंगला हजर असतील. पत्रात तुम्ही कोणाचं नाव लिहिलं नाही, हे चांगलं केलंत. पण ‘एकाने तिथं गिट्टी टाकली’ या वाक्यातल्या ‘एकाने’वर तुमचा पेन इतका दाबला गेलाय की शाई मागच्या पानावर उतरली आहे.